मालिकेतलं दुसरं पुस्तक वाचताना तुमचं काय होतं?

व्हिक्टोरिया एव्हयार्डचं 'ग्लास स्वोर्ड' (२०१६) काल संपवलं, डोकं अजून तापलेलं आहे. मालिकेतलं पहिलं, 'रेड क्वीन', मी झपाटल्यासारखं वाचलं होतं. लाल रक्ताची, म्हणजे सामान्य वर्गातली मेअर आणि तिच्या अंगात राज्य करणाऱ्या चंदेरी रक्तवाल्यांसारखी शक्ती, वीज! दुसऱ्या भागात ती आपल्यासारख्या इतरांना शोधत फिरते, राजा मेव्हनने त्यांना गाठायच्या आत. इथवर छान. पण बाई कुणाचं म्हणून ऐकत नाही, जवळच्यांवरही विश्वास नाही. चिडचिड झाली. मग वाटलं, पहिल्या पुस्तकाच्या शेवटी एवढा दगा झाल्यावर ती हसतमुख राहिली असती तर जास्त खोटं वाटलं असतं. आवडलं की नाही, ठरत नाहीये. तुमचे अनुभव येऊ द्या. स्पॉयलर चालतील.

---

माझं मत सरळ आहे, 'हंगर गेम्स' मालिकेतलं दुसरं, 'कॅचिंग फायर' (२००९), पहिल्यापेक्षा सरस. लोक म्हणतात की सुरुवात रेंगाळते, एकमेकांना मारायच्या त्या खेळाचं रिंगण फार उशिरा येतं. मला तर तो रेंगाळलेला भागच जास्त आवडतो. नायिका कॅटनिस पहिल्या भागात तो खेळ जिंकलीये, घर मिळालंय, पोटाला अन्न आहे, आणि राष्ट्राध्यक्ष स्नो धमकी द्यायला तिच्या घरी येऊन बसतो! पुढे विजययात्रेत अकराव्या डिस्ट्रिक्टमधला तो म्हातारा नुसती शीळ घालतो आणि त्याला तिथेच गोळी घालतात. जिंकणाऱ्यालाही सुटका नाही, हे तिथे पक्कं कळतं. पंचाहत्तराव्या खेळात जुन्याच विजेत्यांना परत उतरवतात, तेव्हा म्हणूनच धक्का कमी आणि संताप जास्त येतो. घड्याळासारखं बारा भागांचं रिंगण भारी आहे, पण ते नंतरचं.

---

माझं 'इन्सर्जंट', 'डायव्हर्जंट'च्या पुढचं. मागचं काही आठवण करून देणं वगैरे भानगडच नाही, पहिलं पुस्तक संपतं तिथूनच थेट सुरू. मधे बरेच महिने गेल्याने निम्मी नावं डोक्यातून उडालेली. नायिका ट्रिसला मात्र तिच्या मित्राचा, विलचा विसर पडत नाही. त्याला तिनेच गोळी घातलेली, आता हातात बंदूक धरवत नाही. मारामारीच्या पुस्तकात हे असं क्वचित वाचायला मिळतं. बाकी पळापळ जरा जास्तच आहे.

---

मी उलटा कारभार केला. लायब्ररीत पहिला भाग नव्हता, म्हणून थेट 'स्कॉर्च ट्रायल्स' उचललं. नायक थॉमस चकच्या आठवणीने व्याकूळ आणि मी विचार करतेय, हा चक कोण बाबा? तरीही सोडवेना. मग पहिला भाग, 'मेझ रनर', वाचायला घेतला, तर चक पहिल्या काही पानांतच भेटला. भारी गोड पोरगं. पुढे काय होणार हे माहीत असल्याने त्याचा प्रत्येक विनोद जड गेला.

---

'कॅचिंग फायर'बद्दल वर लिहिलंय त्याला +१. फक्त एक सांगते, तिसरं पुस्तक 'मॉकिंगजे' हाताशी असल्याशिवाय ते उघडू नका. शेवटी कॅटनिसचा मित्र गेल एकच वाक्य बोलतो आणि पुस्तक संपतं. आम्हाला त्यानंतर २०१० पर्यंत थांबावं लागलं होतं.