बोर्डिंगमधली फळी

इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे फळी. मग 'लॉजिंग-बोर्डिंग'मधल्या बोर्डाचा फळीशी काय संबंध, असा प्रश्न कुणालाही पडेल. अगदी थेट आहे. मध्ययुगीन इंग्लंडात सुट्या टेकूंवर फळ्या टाकून जेवणाचं टेबल मांडत. पुढे फळीचं नाव जेवणालाच चिकटलं, म्हणून बोर्डिंग म्हणजे जेवणाची सोय. टेबलाभोवती बसून कारभार पाहणारं मंडळ, तेही 'बोर्ड'.

जहाजाची गोष्ट मला जास्त आवडते. जुन्या इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे जहाजाची बाजूही. सुकाणूचं वल्हं उजवीकडे असायचं, म्हणून ती बाजू 'स्टारबोर्ड'. त्यातला 'स्टार' सुकाणूसाठीच्या जुन्या इंग्रजी शब्दातून आलाय, ताऱ्याशी त्याचा काडीचा संबंध नाही! डावी ती 'लारबोर्ड'. वाऱ्यात ओरडून हुकूम देताना दोन्ही सारखेच ऐकू येत, त्यामुळे ब्रिटिश आरमाराने १८४४ मध्ये 'लारबोर्ड' बाद करून 'पोर्ट' हा शब्द अधिकृत केला.