पेन टॉर्चच्या नळीत सेल अडकला आहे. टॉर्च वाचवावी की नवी घ्यावी?

मनीषनगरकर

नमस्कार. नागपूरच्या मनीषनगर भागातील एका सोसायटीचे व्यवस्थापन मी पाहतो. लिफ्टची मशीनरूम, तळघरातली मीटरची खोली, गच्चीवरच्या टाक्या आणि उन्हाळ्यात रहिवाशांच्या कूलरचे पंप, अशा ठिकाणी मला दिवसातून आठ-दहा वेळा डोकावून पाहावे लागते. एका हातात मोबाइल धरून शिडी चढणे मला जमत नाही, म्हणून दोन वर्षांपासून मी ॲल्युमिनियमची सडपातळ एलईडी पेन टॉर्च वापरतो. ती शर्टाच्या खिशाला पेनासारखी अडकते आणि तिला रिमोटचे दोन सेल लागतात.

गेल्या मे महिन्यात मी पंधरा दिवस गावी गेलो आणि टॉर्च स्कूटरच्या डिकीत तशीच राहिली. परत आल्यावर मागचे टोपण कसेबसे उघडले आणि मागचा सेल बाहेर आला, परंतु पुढचा नळीतच अडकून बसला आहे व त्याच्या कडेने पांढरी पूड दिसते. त्याआधी महिना-दोन महिने तिचा प्रकाश मधूनच लुकलुकत असे आणि टोपण घट्ट पिळले की पूर्ववत होत असे. मध्यंतरी मी चार्जिंगचे सेल घालून पाहिले होते, पण प्रकाश फारच मंद पडला, म्हणून ते काढून ठेवले. सीताबर्डीतल्या एका दुकानदाराने टॉर्च हातातही न घेता नवी घेण्याचा सल्ला दिला. ही टॉर्च वाचू शकेल का, यापुढे कोणते सेल घालावेत आणि रोजची निगा कशी राखावी, हे जाणकारांनी सांगावे.

जुने बाकडे

भाऊ, टॉर्च अजून टाकू नका. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि एलईडीचा दोष त्यांपैकी एकीतही दिसत नाही.

प्रथम पांढरी पूड. सेलवर ‘अल्कलाइन’ असे छापलेले असेल, तर त्याच्या आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड नावाचे तीव्र अल्क असते. सेल संपत आला किंवा तापला की आत हायड्रोजन वायू साचतो, दाब वाढून तळाचे सील सुटते आणि ते अल्क बाहेर झिरपून हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे पांढरे खडे बनते. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा ४५ अंशांच्या घरात असतो. उन्हात उभ्या स्कूटरच्या बंद डिकीत काय होत असेल, ते निराळे सांगायला नको. हे अल्क ॲल्युमिनियमलाही खाते, त्यामुळे सेल नळीला चिकटतो आणि दिवस जातील तसा अधिकच घट्ट बसतो. सेल साधा झिंक-कार्बनचा असेल, तर गळणारा द्रव उलट सौम्य आम्लधर्मी असतो. तेव्हा सेलवर काय लिहिले आहे, ते आधी वाचा, कारण उपाय त्यावर ठरतो.

अल्कलाइन असल्यास हातमोजे व चष्मा घालून, नळी उभी धरून कडेने पांढऱ्या व्हिनेगरचे किंवा लिंबाच्या रसाचे चार-पाच थेंब सोडा, बुडबुडे थांबेपर्यंत थांबा आणि मग नळीचे उघडे तोंड लाकडी पाटावर हलकेच आपटा. झिंक-कार्बन असल्यास लिंबाऐवजी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून वापरा. पुढचे डोके पिळून सुटत असेल, तर ते आधीच वेगळे करा, म्हणजे आतील सर्किटला ओल लागणार नाही, शिवाय सेल दुसऱ्या बाजूने लाकडी काडीने ढकलता येईल. सेलमध्ये स्क्रू घुसवून ओढण्याचा किंवा ड्रिल मारण्याचा मोह मात्र टाळावा, कारण आतले अल्क डोळ्यांत उडाले तर टॉर्चपेक्षा फार मोठे नुकसान होईल. सेल निघाल्यावर नळी साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.

आता लुकलुकण्याविषयी. अशा टॉर्चमध्ये निराळी तार नसते. नळीचा धातू हाच विजेचा परतीचा मार्ग असतो. मागच्या सेलकडून स्प्रिंग, बटण, नळीची मागची उघडी कडा आणि पुढे डोक्यापर्यंत असा तो मार्ग जातो. कडेवर मळ साचला किंवा आट्यांत काळी पूड जमली की त्या जागी विरोध वाढतो आणि टोपण पिळल्यावर तात्पुरता कमी होतो. ती काळी पूड म्हणजे बहुतेक वेळा आट्यांतून झिजलेले ॲल्युमिनियम आणि जुने ग्रीस यांचे मिश्रण असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने आटे व कडा पुसा. कडा तरीही काळसर दिसली, तर पेन्सिलच्या खोडरबराने घासा. सँडपेपर लावू नका, कारण आट्यांवरचे कठीण ॲनोडाइझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर चढवलेले संरक्षक आवरण, एकदा निघाले की परत येत नाही.

आट्यांवर आणि ओ-रिंगवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीवर) सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर पुरेसा असतो. घरातले खोबरेल तेल किंवा शिलाई मशीनचे तेल तिथे नको. ते पातळ असल्याने पसरते, धूळ धरते आणि काही प्रकारच्या रबराला फुगवते. ओ-रिंग चपटी झाली असेल, तर घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे त्या मापाची मिळते का पाहा. तळघरातल्या ओलीत आणि टाकीवर ती तुमच्या उपयोगाची आहे.

चार्जिंगच्या सेलवर प्रकाश मंद पडण्याचे कारण सोपे आहे. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. दोन नवे अल्कलाइन सेल मिळून ३ व्होल्ट किंवा थोडे अधिक देतात, तर निकेल-मेटल हायड्राइडचे दोन मिळून २.४ व्होल्टच देतात. ज्या टॉर्चमध्ये व्होल्टेज वाढवणारे सर्किट असते तिला हा फरक जाणवत नाही. तुमच्या टॉर्चमध्ये ते नसावे.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि पेन टॉर्च माझ्या गणवेशाच्या खिशात पंधरा वर्षांपासून आहे, म्हणून वापराबाबत थोडे लिहिते.

खोक्यावरचे मोठे आकडे पाहून खरेदी करू नका. डोळ्यातली बाहुली प्रकाशाला कसा प्रतिसाद देते, हे पाहताना आम्हाला मंद प्रकाशच लागतो. शंभर ल्युमेनचा (ल्युमेन हे प्रकाशाचे माप) झोत रुग्णाच्या डोळ्यांत मारणे हा त्याच्यावर अत्याचार आहे. मीटरचे आकडे वाचायलाही हातभर अंतरावरून तीस-चाळीस ल्युमेन पुष्कळ होतात, उलट त्याहून जास्त प्रकाश मीटरच्या काचेवरून तुमच्याच डोळ्यांत परत येतो. पहिल्या दाबाला मंद प्रकाश देणारी टॉर्च मिळाली, तर ती घ्यावी. प्रकाशाचा रंगही पाहावा. स्वस्त एलईडीच्या निळसर उजेडात कातडीचा पिवळेपणा नीट कळत नाही, आणि मला वाटते की वायरींचे रंग ओळखताना तुमचीही तीच अडचण होत असेल.

एक विनंती आहे. धातूची टॉर्च दातांत धरून विजेच्या पॅनेलपाशी कृपया वाकू नका. आमच्या इमारतीतले इलेक्ट्रिशियन दादा तसे करतात आणि पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होते. ॲल्युमिनियममधून वीज वाहते आणि तुमचे तोंड ओले असते.

दर शनिवारी कोराडी

इतके सगळे करण्यापेक्षा यूएसबीवर चार्ज होणारी पेन टॉर्च का घेऊ नये? मी दर शनिवारी पहाटे अंधारात सायकलवरून कोराडीच्या देवीला जातो. माझी टॉर्च रात्री मोबाइलच्या चार्जरला लावतो. सेल गळण्याचा प्रश्नच उरलेला नाही.

जुने बाकडे

रोज वापरणाऱ्याला तीही चांगली, हे मान्य आहे. परंतु लिथियम-आयनलासुद्धा डिकीतली उष्णता मानवत नाही, त्याची क्षमता लवकर घटते. आणि बऱ्याच सडपातळ टॉर्चमध्ये सेल बदलता येत नाही, त्यामुळे तो थकला की टॉर्चच बाद होते. रिमोटचा सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळतो, हा मला मोठा गुण वाटतो.

या निमित्ताने एक धोका सांगून ठेवतो. बाजारात १०४४० नावाचा लिथियम-आयन सेल मिळतो आणि तो आकाराने हुबेहूब रिमोटच्या सेलसारखा असतो, पण पूर्ण चार्ज झाल्यावर तो एकटा ४.२ व्होल्ट देतो. असे दोन सेल तुमच्या टॉर्चमध्ये घातले, तर ३ व्होल्टच्या जागी ८.४ व्होल्ट जातील आणि एलईडी क्षणात जळेल.

मनीषनगरकर भाऊ, तुमच्यासाठी माझे मत असे आहे की याच टॉर्चमध्ये चांगले अल्कलाइन सेल घाला, दोन्ही एकाच दिवशी एकाच पाकिटातले घाला आणि एकाच दिवशी काढा. एक नवा आणि एक जुना अशी जोडी लावली की जुना आधी संपतो, नवा त्याच्यातून प्रवाह रेटतच राहतो आणि जुना गळतो. तुमचा फक्त पुढचाच सेल गळण्यामागे हेही असू शकेल. प्रकाश मंदावल्यावर ‘अजून चालतेय’ म्हणून ओढत बसू नका. खोक्यावर छापलेला चालण्याचा कालावधी प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत मोजण्याची पद्धत आहे, त्यामुळे दहा तास लिहिलेले पाहून शेवटच्या तासालाही कामाचा उजेड मिळेल असे धरू नये. चार दिवसांहून अधिक गावी जायचे असेल, तर सेल बाहेर काढून ठेवावेत.

मनीषनगरकर

सर्वांचे आभार. सेल अल्कलाइनच होता. रविवारी व्हिनेगरचे थेंब दोनदा सोडले, डोके पिळून काढले आणि बांबूच्या काडीने ढकलल्यावर सेल निघाला. नळीच्या आत करंगळीच्या नखाएवढा खडबडीत डाग पडला आहे, पण नवा सेल त्यावरून सहज सरकतो. आटे पुसताना अर्धे फडके काळे झाले. आता टोपण न पिळताही प्रकाश स्थिर आहे. एक सेल मी जानेवारीत बदलला होता आणि दुसरा तसाच ठेवला होता, हे जुने बाकडे यांचे उत्तर वाचल्यावर आठवले.

ताईंची सूचना वाचली आणि शरमलो, कारण मीटरच्या खोलीत मीही टॉर्च दातांतच धरतो. क्लिप टोपीच्या कडेला लावून पाहिली. झोत थोडा वर जातो, पण टोपी खाली ओढली की जमते. आता एवढेच विचारायचे आहे की, तळघराच्या एका कोपऱ्यात गॅसच्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह आहे. तिथे वास आल्यास ही टॉर्च वापरता येईल का?

जुने बाकडे

नाही. तिच्या बटणात बारीक ठिणगी पडू शकते. वास आला तर टॉर्चचे किंवा भिंतीवरचे कोणतेच बटण चालू-बंद न करता बाहेर या आणि मोबाइलवरून फोन करायचा असेल तर तोही अंगणात येऊन करा. अशा जागेसाठी ज्वलनशील वायूत वापरण्यास प्रमाणित केलेली टॉर्च वेगळी मिळते. ती पेनाच्या आकारातही मिळते.