रात्रीची लाईट, हरभऱ्याचं ओलीत अन् कतारचा वर्ल्ड कप : तुम्ही कोणासाठी जागले? (अनुभव धागा)

दर्यापूर तालुका (धागा काढला)
येत्या ११ जूनले पुढचा वर्ल्ड कप सुरू होते, यावेळी ४८ टीम. पण आमच्या गावच्या पानठेल्यावर अजूनही २०२२ च्या कतारचीच गोष्ट निघते, अन् निघाली की घंटाभर संपत नाही. म्हणून म्हटलं सगळ्याईले इचारावं. त्या महिन्यात तुम्ही कोणत्या टीमसाठी जागले, कुठं बसून पाह्यलं, अन् आपला देश त्यात नसताना ती टीम आपली काऊन वाटली? स्कोर सगळ्याईले माहीत हाय, तुमचं सांगा.

अकोट तालुका, शेती
माही टीम मोरोक्को. डिसेंबरात आमच्या फीडरवर थ्री फेज लाईट रात्रीची होती, हरभऱ्याले ओलीत चालू, मी अन् बाबा दोघंच वावरात. दोन-अडीच घंट्यानं स्प्रिंकलरचे पाईप उचलून पुढं लावायचे अन् मधातल्या वेळात धुऱ्यावर शेकोटी पेटवून बसायचं. ६ डिसेंबरले स्पेनसोबत मॅच होती, १२० मिनिटं झाले तरी ०-० च. बाबाले फुटबॉलातलं काहीच समजत नव्हतं, पण पेनल्टी सुरू झाल्या तसे ते उठून माह्या मांगं येऊन उभे रायले. बोनो गोलकीपरनं स्पेनच्या दोन अडवल्या, एक खांब्याले लागली, स्पेनले एकही टाकता आली नाही. शेवटची हकीमीनं घेतली. तो पोट्टा जन्मला स्पेनच्या माद्रिदात, खेळला माय-बापाच्या देशाकडून, अन् त्यानं बॉल असा हळूच मधातून टाकला की गोलकीपर एका बाजूले पडूनच रायला. बाबा म्हणे, "याच्या जिवाले भेव नाही काय रे?"

मंग पोर्तुगालले १-० नं हरवलं, एन-नेसिरी किती उंच उडाला होता त्या हेडरले! आफ्रिकेतली टीम पहिल्यांदा सेमीफायनलात गेली. त्या दिवशी बुफाल मैदानात आपल्या मायसंग नाचला, मी ते बाबाले दाखोलं तर ते लय वेळ काहीच बोलले नाही. त्याईची माय, म्हणजे माही आजी, त्याच वर्षी गेली होती.

सेमीफायनल रात्री साडेबाराची. फ्रान्सनं पाचव्याच मिनिटाले गोल केला. मोरोक्कोचा अगेर्ड वॉर्मअपमधीच बाहेर झालता, कॅप्टन साईस एकविसाव्या मिनिटाले लंगडत गेला, तरी हे लोक वरच चढत रायले, एकानं तर ओव्हरहेड किक मारली ते खांब्याले लागली. पाईप बदलाची वेळ होऊन गेली होती. बाबा म्हणे तू पाय, मी लावतो. थंडीत एकटे गेले ओल्या मातीत, पाईप लावले अन् वापस येऊन पहिलं इचारलं, "फिटला काय गोल?" नोहता फिटला. नंतर ०-२ झालं. सेमीफायनलपावतर त्या टीमवर एकच गोल झालता, तोही कॅनडाच्या मॅचमधी आपल्याच माणसाच्या पायानं. ज्या कोचनं हे केलं ते वलीद रेग्रागी ऑगस्टातच आले होते, तीन महिन्यात एवढी टीम बांधली. मले वाटते मी जे मोरोक्कोसाठी जागलो ते अर्धं बाबासाठी होतं.

राळेगावकडचा, यवतमाळ जिल्हा
अर्जेंटिना. २२ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी साडेतीन. कापूस वेचणी जोरात होती, मी काटा करायले धुऱ्यावर होतो, मोबाईल पोत्याले टेकवून ठेवला. मेस्सीनं दहाव्या मिनिटाले पेनल्टी टाकली तसा मी निवांत झालो, ३६ मॅच न हरलेली टीम हाय, सौदी काय करते. दुसऱ्या हाफात पाच मिनिटात दोन गोल! त्यातला अल-दौसारीचा दुसरा गोल पाहून मी वजन लिहायचं इसरलो, एका बाईचं पोतं दुसरीच्या नावावर चढलं, संध्याकाळी घरी जाऊन दुरुस्त करून दिलं. सौदीच्या राजानं दुसऱ्या दिवशी सगळ्या देशाले सुट्टी देली होती, अन् मले त्या रात्री भाकर गेली नाही.

पण त्या हरण्यानंच टीम जागी झाली असं माह्यं ठाम मत हाय. फायनल रविवारी, फ्रान्ससोबत, समाजमंदिरात पडदा लावला होता. २-० होतं तवा लोक घरी जायले निघाले होते, मंग एम्बापेनं ८० अन् ८१ व्या मिनिटाले दोन टाकले, सगळे चपला काढून पुन्हा बसले. शेवटी शेवटी ३-३ असताना आपल्या गोलकीपर एमी मार्टिनेझनं फ्रान्सच्या कोलो मुआनीचा बॉल पायानं अडवला, तो मी आजही महिन्यातून एकदा पाहतो. तो गेला असता तर मेस्सीच्या हातात कप नसता.

आरमोरी तालुका, जिल्हा परिषद शिक्षक
मी जपानबद्दल लिहितो. जर्मनीला २-१ हरवलं, कोस्टारिकाकडून हरले, परत स्पेनला २-१. स्पेनच्या मॅचमध्ये मितोमाने रेषेवरून ओढलेला तो बॉल मी वर्गात फळ्यावर काढून दाखवला, बॉलचा गोलाकार रेषेच्या वर एवढासा जरी असला तरी तो आतच धरतात, पोरांना भूमितीचा स्पर्श त्या दिवशी जसा समजला तसा आधी कधीच समजला नव्हता. जर्मनीच्या मॅचनंतर जपानी टीमने ड्रेसिंग रूम झाडून-पुसून ठेवली होती, कागदाचे बगळे करून ठेवले होते, जपानी अन् अरबीत धन्यवाद लिहिलं होतं. प्रेक्षकही कचरा उचलून गेले. हे सांगितल्यावर सातवीच्या मुली मधल्या सुट्टीत स्वतःहून मैदान झाडायला लागल्या, मी एक शब्द बोललो नव्हतो. मग क्रोएशियासोबत पेनल्टीत हरले, त्यांच्या गोलकीपर लिवाकोविचने तीन अडवल्या, अन् कोच मोरियासू प्रेक्षकांसमोर जाऊन कमरेत वाकले. वाईट वाटलं जी, खूप. धान चुरणं चालू होतं घरी, कशातच मन लागेना.

मोर्शी
ब्राझील. जास्त लिहवत नाही. ११७ व्या मिनिटाले क्रोएशियाच्या पेटकोविचचा गोल अन् मंग पेनल्टी. नेमारले पाचवी ठेवली, त्याची पाळीच आली नाही. पहिलीच त्याले द्यायले पाहिजे होती. हे मी मरेपावतर म्हणत राहीन.

लाखांदूरजवळ, भंडारा जिल्हा
सगळे पुरुषांचंच लिहून राहिले म्हणून मी लिहिते. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुलींचा १७ वर्षाखालचा वर्ल्ड कप आपल्याच देशात झाला. आपल्या पोरी भुवनेश्वरला खेळल्या, अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. माझी मुलगी तेव्हा आठवीत, शाळेत फुटबॉल खेळायची. पहिल्या मॅचला आठवा गोल झाला तेव्हा मी टीव्ही बंद करायला उठली तर ती म्हणे आई राहू दे, त्या अजून पळून राहिल्या ना. कॅप्टन अष्टम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली, मजुरी करणाऱ्या घरची. आमचंही घर तसंच, रोवणी-कापणीच्या दिवसात मी दुसऱ्यांच्या बांधीत जाते. मुलीला बूट घ्यायला मला दोन हंगाम लागले. गावातले म्हणायचे पोरीला काय करायचं फुटबॉल, आता तिच्यासोबत नऊ पोरी खेळतात.

मेहकर
ताई, तुमचं वाचून मले बोलायचंच हाय. आपण मोरोक्को, जपान करतो पण आपल्या टीमचं कोणी बोलत नाही. २०२४ च्या आशियाई कपात आपण ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया तिघांकडून हरलो, एकही गोल नाही. मार्चात गुवाहाटीले आपल्या कॅप्टन सुनील छेत्रीची १५० वी मॅच, त्यानं गोल केला तरी अफगाणिस्तान २-१ जिंकलं. मी त्या रात्री मोबाईल गोधडीखाली ठेवला अन् रडलो. ज्या उझबेकिस्ताननं आपल्याले तीन टाकले ते यंदा वर्ल्ड कप खेळून रायले, पहिल्यांदाच. राग त्याईचा नाही, त्याईनं पोरं लहानपणापासून तयार केली. आमच्या तालुक्यात गवताचं एक मैदान दाखवा मले.

दर्यापूर तालुका
भाऊ, मैदान आमच्याकडंही नाही. पोट्टे कापूस निघाल्यावर पऱ्हाटी उपटलेल्या वावरात खेळतात, पेरणी आली की बंद.

अकोट तालुका
पुन्हा मीच. हे सगळं रात्री बाबाले वाचून दाखोलं. त्याईनं इचारलं मोरोक्कोची मॅच कवा हाय. १३ जूनची, ब्राझीलसंग, आपल्याकडं १४ ची पहाट उजाडते. मोर्शीवाल्या भाऊले सांगा, आमी दोघं जागेच राहू. मृग लागलेला राहीन, पाणी पडलं असलं तर सकाळी पेरायले जायचं हाय, म्हणून बाबानं बियाणं आदल्या रोजीच काढून ठेवायले सांगितलं.