मदत हवी आहे: स्ट्रॉबेरीची बिस्किटं राखाडी होतात, वर सादळतात

ट्रे बाहेर काढला आणि जीव खट्टू झाला. कच्चा गोळा छान गुलाबी होता. भाजून आली ती बिस्किटं कडेला तपकिरी, मध्ये मळकट राखाडी, त्यात निळसर झाक. चव नुसती गोड. न सांगता दिली तर यात स्ट्रॉबेरी आहे हे कुणाला कळणार नाही.

प्रमाण असं: 200 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम बटर, 80 ग्रॅम पिठीसाखर, अर्धा चमचा खायचा सोडा आणि ताज्या स्ट्रॉबेरीचा अर्धी वाटी गर. गोळा हाताला चिकटायला लागला म्हणून वरून मैदा घालत गेले आणि चांगला मळून घेतला. 180 अंशांवर 15 मिनिटं भाजली. कडा कुरकुरीत, मधला भाग केकसारखा. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर सगळी सादळलेली.

लेकीसाठी करतेय. रंग आणि इसेन्स घालायचा नाही, खऱ्या फळाचीच हवीत. तीनदा केली, तीनदा हेच. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १

ताई, रंग सोड्याने घालवलाय. स्ट्रॉबेरीचा लाल रंग आंबटपणात टिकतो, सोड्यात निळा-राखाडी पडतो. दोन वाट्यांत थोडा थोडा गर घ्या, एकीत लिंबू पिळा, दुसरीत चिमूटभर सोडा टाका, समोरच दिसेल. या बिस्किटांना सोडा लागतच नाही, खुसखुशीतपणा बटरचा असतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. स्ट्रॉबेरीत 90 टक्के पाणी असतं. ते मैद्यात गेलं आणि वर तुम्ही मळलंत, की ग्लूटेन (मैद्यातल्या प्रथिनांचं चिवट जाळं) तयार होऊन बिस्किट चिवट होतं. गर मंद आचेवर आटवा. पळीने तळाशी रेघ ओढली की ती क्षणभर तशीच राहायला हवी. पूर्ण गार करून त्यातले दोनच मोठे चमचे घ्या. गरम घातलात तर बटर वितळेल. फ्रीझ-ड्राय केलेल्या, म्हणजे गोठवून पाणी काढून टाकलेल्या स्ट्रॉबेरीची पूड मिळाली तर उत्तमच, पाण्याचा प्रश्नच मिटतो.

प्रतिसाद २

आटवलेल्या गराला थोडी जॅमसारखी चव येते, म्हणून मीही पूडच घेते. फळाचा वास उष्णतेने उडतो, तेव्हा थोडी पूड मागे ठेवा आणि पिठीसाखर व लिंबाच्या रसात कालवून गार बिस्किटांवर लावा. आणि कोमट असताना डब्यात भरू नका, वाफ आतच कोंडते. जाळीवर पूर्ण गार होऊ द्या. सादळलीच तर 150 अंशांवर पाच-सात मिनिटं ठेवून पुन्हा गार करा, पण हे आयसिंग लावायच्या आधी.

धागा काढणारी

दोघींचेही मनापासून आभार! सोडा काढला, 20 ग्रॅम पूड घातली, मळलं नाही, फक्त गोळा होईपर्यंत बोटांनी गोळा केलं. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून लाटलं, 160 अंशांवर 14 मिनिटं भाजलं. रंग फिका गुलाबी आला, राखाडी अजिबात नाही. आज तिसरा दिवस आहे, बिस्किट मोडलं की कट्‌कन आवाज येतो. लेकीने डोळे मिटून खाल्लं आणि लगेच फळाचं नाव सांगितलं.

आता तिला संत्र्याची हवीत. रस घालू की साल किसून?

प्रतिसाद १

साल. वास सालीतल्या तेलाचा असतो, रसात पुन्हा पाणीच. फक्त वरची केशरी साल किसा, पांढरा भाग कडू लागतो. कीस साखरेत घालून बोटांनी चोळा, साखर ओलसर होऊन वास सुटला की त्यात बटर फेटा.