हेस्टिंग्जच्या किनाऱ्यावरच्या त्या काळ्या उंच खोल्या कसल्या?

गोरेगावची काकू:
मुलीने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज गावात भाड्याने घर घेतलंय. एप्रिलच्या मध्यापासून दीड महिना आम्ही दोघं तिकडे. परवा तिने व्हिडिओ कॉलवर किनारा दाखवला. वाळू नाहीच, सगळे गोटे. आणि कडेला काळ्याकुट्ट लाकडी खोल्या, एकीला एक खेटून. रुंदीला आपल्या मोरीएवढ्या, उंचीला दोन-तीन मजले. लेक म्हणते, "असेल काहीतरी जुनं." (तिला ऑफिसपलीकडे काही दिसत नाही, जाऊ दे.) आमच्या ह्यांचं मत, आत जाळी वाळत टांगत असतील म्हणून उंच. माझं मत, जागाच नसेल म्हणून उंच. मुंबईत जन्म काढल्यावर दुसरं काय सुचणार!

आणि हे गाव त्या वॉरन हेस्टिंग्जचं का? दीड महिना करायचं काय तिथे? किल्ले आणि चर्च मला दोन दिवसांत पुरे होतात. मासळीबाजार असेल तर तेवढं सांगा.

माटुंग्याचा मास्तर:
वॉरन हेस्टिंग्जचा काही संबंध नाही, गावाचं नाव त्याच्या कित्येक शतकं आधीचं. तिथे वसलेल्या सॅक्सन टोळीवरून पडलेलं. गाव प्रसिद्ध आहे ते १०६६ च्या लढाईमुळे, आणि गंमत म्हणजे ती लढाई तिथे झालीच नाही. नॉर्मंडीचा विल्यम फौज घेऊन उतरला पेव्हेन्सीला. १४ ऑक्टोबरला राजा हॅरल्ड पडला तो गावापासून दहाएक किलोमीटर आत. त्या जागी आता जे गाव आहे त्याचं नावच बॅटल. लंडनच्या चेरिंग क्रॉसहून तुमची गाडी तिथूनच पुढे हेस्टिंग्जला येईल, खिडकीतून पाटी बघा.

खोल्यांबाबत काकांचं म्हणणं मला पटतं. जाळी वाळवायलाच असणार.

वेसाव्याचा:
काकू, तुम्ही जिंकलात. काका हरले, आणि मास्तर, माफ करा, तुम्हीही.

मी वेसाव्याचा, कोळी. अडीच वर्षं तिथे एका हॉटेलच्या किचनमध्ये होतो आणि सकाळी किनाऱ्यावरून मासळी आणायचं काम माझ्याकडे. पहिल्या दिवशी माझाही काकांसारखाच समज होता. एका म्हाताऱ्या मच्छीमाराने हसून कान उपटले. अरे, ओली जाळी बंद खोलीत टांगली तर कुजतील ना! आधीची जाळी सुती आणि सणाची. ती बाहेर गोट्यांवर पसरून वाळवायची आणि कोरडी झाली की आत ठेवायची. म्हणजे त्या खोल्या वाळवायच्या नाहीत, साठवणीच्या. मला हे कळायला हवं होतं. माझे आजोबाही सुती जाळी सालीच्या काढ्यात बुडवून काढायचे, कुजू नयेत म्हणून. नायलॉन आलं आणि ती भट्टी विझली.

उंची मात्र जागेपायीच. मागे कडा, पुढे समुद्र, मधे चिंचोळी पट्टी. एकेकाच्या वाट्याला साधारण आठ-नऊ फूट चौरस तुकडा. मग वर चढण्यावाचून इलाज नाही, खाली दोर-टोपल्या, वरच्या माळ्यांवर वेगवेगळ्या मोसमांची जाळी. काळा रंग डांबराचा.

पण काकू, खोल्यांपेक्षा होड्या बघा. त्या गावाला बंदर नाही. मध्ययुगात होतं, वादळांनी आणि गाळाने गेलं. १८९० च्या दशकात नवं बांधायला घेतलं, पैसे संपले, काम तिथेच थांबलं. तो अर्धवट धक्का अजून पाण्यात उभा आहे. त्यामुळे होड्या ठेवायच्या कुठे, तर किनाऱ्यावर. माझ्या बाबांना मी हे फोनवर थेट दाखवलं होतं. होडी सरळ किनाऱ्यावर चाल करून येते, वेग कमी करत नाही. आपल्याला वाटतं, आता फुटली. खर्रर्र आवाज करत नाळ गोट्यांत घुसते. एक माणूस उडी मारून तारेचा आकडा अडकवतो, वरच्या शेडमधलं विंच घरघरतं, आणि आख्खी होडी फळ्यांवरून घसरत चढते वर. ढकलून परत पाण्यात घालायला बुलडोझर! गंजलेले, जागोजाग उभे. बाबा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "रोज असंच? तळ किती वर्षं टिकतो मग?" मला उत्तर देता आलं नाही.

माझं मत विचाराल तर बंदर झालं नाही म्हणूनच तो धंदा गावात टिकला. किनाऱ्यावर ओढता येईल तेवढीच होडी, म्हणजे साधारण दहा मीटरच्या आतली. मोठे ट्रॉलर यायलाच नकोत. आज किनाऱ्यावरून चालणारा युरोपातला सगळ्यात मोठा ताफा तिथला मानतात. आपल्याकडे ससून डॉक झालं १८७५ मध्ये, धंद्याला मोठी जागा मिळाली. कोळीवाड्यांच्या वाट्याला काय आलं ते आपण बघतोच आहोत. होड्यांवर 'आरएक्स' लिहिलेलं दिसेल, ते राय बंदराचं, कारण नोंदणी तिथली.

आपल्यासारखा मासळीबाजार नाही. रॉक-अ-नोर रस्त्याला काळ्या लाकडी टपऱ्या आहेत, तिथे घ्यायची. डोव्हर सोल म्हणजे आपल्या लेप्याचा थोराड भाऊ, तो नक्की घ्या. बांगडाही मिळेल. माकूल दिसला की सोडू नका, त्यांचं त्याच्याकडे फारसं लक्ष नसतं. कल्ले उघडून बघायची सवय मात्र इथेच ठेवून जा. मी एकदा उघडले तर बाई अशी बघत राहिली की जणू मी तिच्या पर्समध्ये हात घातला.

जवळच मच्छीमारांचं संग्रहालय आहे, १८५४ च्या जुन्या चर्चमध्ये. आत १९१२ ची 'एंटरप्राइज' नावाची शिडाची होडी. ती आत आणायला चर्चची भिंत फोडली होती. हे एक चर्च काकू तुम्हाला पुरणार नाही, पुन्हा जाल.

कांदिवलीची सून:
एप्रिल-मे म्हणजे नशीबवान आहात. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीच्या आसपास तिथे 'जॅक इन द ग्रीन' असतं. पानांनी पुरता झाकलेला एक माणूस मिरवत नेतात, लोक तोंडं हिरवी रंगवतात, आणि शेवटी त्या पानांच्या माणसाला मारतात, उन्हाळा मोकळा व्हावा म्हणून. १९८३ मध्ये पुन्हा सुरू केलेली प्रथा आहे, पण लोक असे नाचतात की पिढ्यान्‌पिढ्यांची वाटावी. माझा पाच वर्षांचा मुलगा आठवडाभर कानामागचा हिरवा रंग धुवू देत नव्हता.

गुडघे दुखत असतील तर टेकडीवर जायला रुळांवरची लिफ्ट आहे, १९०२ ची. चढ इतका उभा की सासूबाईंनी डोळे मिटून राम राम म्हटलं. निघण्यापूर्वी चालू आहे का ते विचारून घ्या.

आणि सीगल! बाकावर बसून थेपला उलगडला, मागून झडप. थेपला गेला, बोटाला ओरखडा. बाहेर बसून काही खाऊ नका.

गोरेगावची काकू:
सगळ्यांचे आभार. ह्यांना वेसाव्याच्या दादांचं वाचून दाखवलं. हार मान्य नाही. म्हणतात, "वरच्या मजल्यावर थोडीफार वाळत असणारच." तिथे गेल्यावर त्या म्हाताऱ्यालाच विचारणार आहेत म्हणे.

दादा, लेप्याला कोकम चालेल ना? की तिखट लावून नुसता तळू? आणि कोळी मसाला विमानात नेऊ देतात का?

वेसाव्याचा:
कोकम न्याच. लेपा रव्यात तळा, आमटी बांगड्याची करा. मसाला दुहेरी पिशवीत बांधून मोठ्या बॅगेत ठेवा, हातातल्या नको. मी एकदा हातातल्या बॅगेत नेला आणि तपासणीवाल्याला सलग सात शिंका आल्या.