मदत हवी आहे: अमेरिकन प्लॅन, पुण्यातलं लाकूड

मंडळी, पुस्तकांचं कपाट घरीच करायला घेतोय. प्लॅन अमेरिकन आहे. त्यातली ‘टू बाय फोर’ पट्टी प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचांची असते आणि सगळी मापं त्यावरच बेतलेली. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये याच मापात पाइन रंधा मारून, कापून देणारं कुणी माहीत आहे का? सागवान परवडणार नाही. की सरळ १८ मिमी प्लाय घेऊन मापं बदलू? फळ्या तीन फुटी आहेत, पुस्तकांच्या वजनानं मधे बाक येईल अशी धास्ती वाटते. पुढून जाड पट्टी ठोकली तर भागेल? आणि पावसाळ्यात लाकूड फुगतं, मग पॉलिश आत्ता करावं की दिवाळीनंतर? ‘सुतार बोलव’ हा सल्ला घरून रोज मिळतोय, तो सोडून काहीही सांगा.