मदत हवी आहे: मोठ्या बोअरच्या लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलवर एवढे पैसे घालावेत का?

केनायकर

नमस्कार मंडळी,

बंदुकीचा धागा इथे क्वचितच निघतो, पण अमेरिकेत शिकारीला जाणारे काही जण इथे आहेत हे माहीत आहे, म्हणून विचारतो.

मी अलास्कात, केनाय द्वीपकल्पावर राहतो. ग्रीन कार्ड असल्यामुळे फॉर्म ४४७३ (बंदूक विकत घेताना दुकानात भरायचा केंद्राचा फॉर्म) भरून बंदूक घ्यायला अडचण नाही. (एच-१बी वर असलेल्यांनी वैध शिकार परवाना हातात असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. केंद्राचा कायदा आहे, नुसती बंदूक जवळ बाळगणंही गुन्हा ठरतो.) उन्हाळ्यात सॅमन, सप्टेंबरात मूस (मोठं हरीण). रशियन नदीत रेड सॅमन चढायला लागले की माणसं आणि ब्राऊन बेअर एकाच काठावर उभे असतात. अस्वलाचा स्प्रे कमरेला असतोच आणि तो सोडायचा विचार नाही.

माझ्याकडे .३०-०६ काडतुसाची बोल्ट-अ‍ॅक्शन (हाताने खिटी मागे-पुढे ओढायची) रायफल आहे. मूससाठी उत्तम. पण ऑल्डरच्या दाट झुडपांत शिरलं की लांब नळी आणि वरची दुर्बीण फांद्यांत अडकते आणि दहा-पंधरा यार्डांपलीकडचं काही दिसत नाही. तिथे आखूड, चपटी, पटकन खांद्याला लागणारी .४५-७० काडतुसाची लिव्हर-अ‍ॅक्शन (घोड्याभोवतीचा दांडा खाली-वर करून भरायची) हवी असं खूप दिवसांपासून मनात आहे. हे काडतूस १८७३ चं, अमेरिकी सैन्यासाठी काढलेलं: ४०५ ग्रेनची (एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम) शिशाची गोळी आणि ७० ग्रेन काळी दारू. कोकणात शेतीसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीचा बार ज्यांनी पाहिलाय, त्यांना काळ्या दारूचा धूर सांगायला नको. आता अर्थात बिनधुराची दारू असते.

अडलंय ते किमतीपाशी. रोसीची आर९५ हजार डॉलरच्या आत-बाहेर मिळते, हेन्री त्याच्या थोडी वर. रुगरने बनवलेली स्टेनलेस मार्लिन १८९५ दीड हजाराच्या आसपास. जपानात मिरोकूकडे बनणारी विंचेस्टर १८८६ त्याहून चढी. आणि वायोमिंगमधल्या कोडी गावच्या बिग हॉर्न आर्मरीकडे गेलं की आकडा रोसीच्या तिप्पट होतो. दुकानात रोसी आणि मार्लिन दोन्ही हाताळल्या. रोसीचा लिव्हर शेवटच्या इंचभरात अडखळतो, आणि बाजूच्या झडपेतून काडतूस सारताना अंगठ्याला कड टोचते. मार्लिनचा लिव्हर एका दमात खाली-वर होतो. हा फरक पाचशे डॉलरचा आहे का? आणि त्याच्यावरचे पैसे नेमके कशाचे? कृपया अनुभवातून सांगा.

रानवाट

केनायकर, मी मोंटानात असतो, एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) मागे फिरतो. .४५-७० बरीच वर्षं वापरतोय.

आधी पैसे कुठे जातात ते. बोल्ट-अ‍ॅक्शन हल्ली स्वस्त झाली कारण तिची बॉडी साध्या गोल नळीतून कातता येते. लिव्हरमध्ये बोल्ट, कुलूप, काडतूस उचलणारा कॅरियर, झडप, लिव्हरचा कॅम असे कितीतरी भाग एकमेकांत बसवावे लागतात, आणि ते बसवण्यात अजूनही हाताचं काम आहे. ते निगुतीनं झालं नाही तर काय होतं हे मार्लिननेच दाखवलं. २००७ च्या अखेरीस रेमिंग्टनने कंपनी विकत घेतली, कारखाना हलवला, आणि त्या काळातल्या रायफलींबद्दल तक्रारींचा पाऊस पडला. २०२० मध्ये रेमिंग्टनचं दिवाळं निघालं, रुगरने मार्लिन घेतली आणि २०२१ च्या डिसेंबरात नॉर्थ कॅरोलायनात बनलेली पहिली १८९५ बाजारात आणली. ती खरोखर चांगली आहे. नळीवर जेएम शिक्का असलेल्या, म्हणजे रेमिंग्टनच्या आधीच्या जुन्या मार्लिनसाठी लोक जास्त पैसे मोजतात. वापरायला घेणार असाल तर त्या नादी लागू नका.

त्यामुळे माझं मत असं की हजार ते दीड हजार हा टप्पा पैसे वसूल करतो. तुम्हाला जाणवलेली ती अडखळ शांतपणे चालवताना किरकोळ वाटते. घाईत लिव्हर अर्धवट राहिला की मात्र पुढचं काडतूस आडवं बसतं, आणि समोर अस्वल असेल तर ते परवडणारं नाही. त्यापुढचे पैसे बरेचसे अष्टकोनी नळी, पॉलिश, अक्रोडाचं लाकूड यांचे. बिग हॉर्नची मॉडेल ८९ वेगळी, ती .५०० स्मिथ अँड वेसनसाठी मुद्दाम मजबूत केलेली आहे. ते काडतूस हवंच असेल तरच तिकडे जा.

पण खरा खर्च काडतुसांचा. वीसचा डबा पन्नास-साठ डॉलर, जड टणक शिशाच्या गोळ्यांचा त्याहून बराच महाग. शिवाय .४५-७० सगळी एकसारखी नसते. रेमिंग्टनची ४०५ ग्रेनची गोळी सेकंदाला १३३० फुटांच्या आसपास जाते, कारण ती एकोणिसाव्या शतकातल्या, कमी दाब सोसणाऱ्या ट्रॅपडोअर रायफलीतही सुरक्षित राहावी अशी भरलेली असते. बफेलो बोअरची ४३० ग्रेनची १९०० च्या वर जाते. ही दुसरी सात पौंडांच्या रायफलीतून उडवली की खांदा शेकून निघतो. सराव हलक्या गोळ्यांवर करा, पण अस्वलासाठी नेणार तीही डबाभर उडवून पाहा, नेम वेगळा लागतो. आणि नळीच्या मॅगझिनमध्ये टोकदार कडक गोळी कधीच भरू नका. तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (ठोका बसला की बार उडवणाऱ्या टोपीवर) टेकलेलं असतं. हॉर्नडीच्या मऊ टोकाच्या चालतात.

बाराबोअर

एक शंका. एवढं सगळं करण्यापेक्षा पंपची बारा बोअर शॉटगन आणि स्लग (छर्‍यांऐवजी एकच जड गोळी) का नको? अलास्कात अनेक जण तेच नेतात, आणि किंमत रोसीच्या निम्मी. दुसरं म्हणजे तुमच्याच राज्याचं फिश अँड गेम खातं सांगतं की, गाइड लोकांना कोरी मॅग्नम (जास्त जोरकस काडतुसाची रायफल) घेऊन आलेल्यापेक्षा स्वतःची .२७० किंवा .३०-०६ नीट मारता येणारा शिकारी बरा वाटतो. २२० ग्रेनची चांगली गोळी घातली तर तुमची .३०-०६ अस्वलालाही पुरते असं तेच खातं म्हणतं. दुर्बीण पटकन काढता येणाऱ्या रिंगा लावा आणि एक मोसम तसं फिरून पाहा, असं सुचवतो.

केनायकर

रानवाट, बाराबोअर, दोघांचेही मनापासून आभार. बारा बोअर मी मित्राची वापरली आहे, पण स्लग घेऊन मूसच्या मागे जावंसं वाटत नाही. मला दोन्ही कामांना एकच हत्यार हवं आहे. बिग हॉर्न आणि विंचेस्टर यादीतून काढल्या. रिंगांची सूचना फार पटली, ती या मोसमातच करून बघतो, कारण बंदूक घेतली काय न घेतली काय, अस्वल मारावंच लागलं तर कातडं आणि कवटी काढून राज्याच्या स्वाधीन करायची आणि अहवाल लिहायचा हे चुकत नाही, आणि ती वेळच येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता उरलेला प्रश्न. मार्लिनचं स्टेनलेस आणि लॅमिनेटचा दस्ता केनायच्या पावसात टिकेल याची खात्री वाटते. हेन्रीचं ऑल-वेदर मॉडेलही त्यासाठीच आहे, त्यावर हार्ड क्रोमचा मुलामा असतो. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत ते कुणी दोन-तीन मोसम वापरलंय का? स्क्रूंच्या खोबणीत आणि झडपेच्या स्प्रिंगला गंज धरतो का, एवढं कुणी पाहून सांगितलं तर ऑगस्टच्या आत निर्णय घेता येईल.